गादीवरचं ठिगळ

कारखान्याच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीत एक खिळा ठोकलेला होता. टोपी अडकवायला नव्हे, छत्री अडकवायला तर नव्हेच. त्या खिळ्यावर जळक्या गाद्या टांगत, आणि गेले अकरा महिने तो रिकामा होता. या रिकाम्या खिळ्याचा पितळ्याला इतका अभिमान होता की येता-जाता तो त्याच्याकडे बघायचा आणि बघितलंच नाही असं दाखवायचा.

गादी म्हणजे झोपायची नव्हे. हे आधी नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इथे प्लास्टिक जोडायचं काम चाले, आणि तेही विस्तवाशिवाय. वर पितळेचा साचा, खाली धातूचं सपाट मेज, मध्ये प्लास्टिकचे दोन थर. पायाखालची पट्टी दाबली की साचा खाली येतो, हिरवा दिवा लागतो आणि वीज सेकंदाला अडीच कोटींहून जास्त वेळा उलटसुलट होते. त्या घुसळणीने प्लास्टिक आतल्या आत तापतं, वितळतं आणि एकमेकांत मिसळून जातं. साचा मात्र हाताला गारच लागतो. प्लास्टिक आणि मेज यांच्यामध्ये एक खाकी, कडक पुठ्ठा घालतात, अर्धा मिलिमीटर जाडीचा, वार्निश पिऊन तुकतुकीत झालेला. तीच गादी. ती ऊब खाली पळू देत नाही आणि विजेला उडी मारू देत नाही.

गादीत कुठे ओल राहिली, कचरा राहिला किंवा साच्याची कड कुठे धारदार राहिली, की वीज नेमकी तिथे दात रोवते. चट्ट असा आवाज, निळी ठिणगी, करपट वास. प्लास्टिकला भोक आणि गादीत मोहरीएवढा काळा डाग. तो डाग फार वाईट. जळलेल्या पुठ्ठ्याचा कोळसा होतो आणि कोळशातून वीज आरामात जाते, म्हणजे पुढची ठिणगी तिथेच, तिसरीही तिथेच. म्हणून कारखान्याचा नियम होता: ठिणगी उडाली की गादी काढायची, डागाभोवती खडूने गोल करायचा, तारीख टाकायची आणि दारातल्या खिळ्यावर टांगायची. त्या गादीवर त्या दिवशी झालेला सगळा माल बाजूला काढायचा. हा नियम मालकीणबाईंच्या वडिलांनी घालून दिला होता. आता कारखाना बाई चालवत होत्या, आणि नियमही.

पितळ्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. साचे करणारा मिस्त्री तो. तीस वर्षं पितळ कापून, घासून, तिच्या कडा गुळगुळीत करून त्याच्या बोटांच्या पेरांत हिरवट झाक मुरली होती. साचा तयार झाला की तो डोळे मिटून सगळ्या कडेवरून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला खुपलं नाही तर विजेलाही खुपणार नाही, असं त्याचं म्हणणं. ठिणगी उडाली की सगळ्यांच्या नजरा आधी त्याच्याकडे वळत, कारण दहांतल्या आठ वेळा दोष साच्याच्या कडेचा असतो. खिळ्यावर टांगलेली गादी म्हणजे दारातच लावलेली त्याची चूक. ती येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायची, चहा देणाऱ्यानेही वाचायची.

वर्ष पुरं व्हायला एकोणीस दिवस उरले होते. तो बुधवार होता.

त्या दिवशी पाण्यात वापरायच्या फुगत्या जॅकेटांच्या हवेच्या पिशव्या चालल्या होत्या. छत्तीस नग. बारा नदीच्या मुखाशी गाळ मोजणाऱ्या होडीसाठी, बाकीचे चोवीस तळ्यावरच्या सहलीच्या होड्यांसाठी. साचा दाबणाऱ्या यंत्रावर, म्हणजे प्रेसवर, काकू होत्या. काकू कुणाच्या काकू हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण वीस वर्षं त्या प्रेसवर बसत होत्या आणि बाईसुद्धा त्यांना काकूच म्हणत. पहिलीच पिशवी साच्याखाली गेली आणि खांद्याच्या वळणावर चट्ट झालं.

करपट वास पितळ्याच्या नाकात शिरला तेव्हा तो चार पावलांवर होता. तो आला, त्याने साचा उचलला, अंगठा फिरवला. खांद्याच्या वळणावर अंगठ्याला किंचित काहीतरी लागलं, केसाएवढं. त्याच्याच हातून राहिलं होतं.

"टांग बाबा खिळ्यावर," काकू म्हणाल्या. "अकरा महिने झाले, खिळा गंजला असेल बिचारा."

"थांबा हो काकू. एवढ्याशा डागाला काय टांगायचं?"

"डाग केवढा ते नियमात नाही लिहिलेलं."

"दुसरी गादी आहे का या जाडीची? नाही. उद्या येणार. आणि माल कधी जायचाय? आज चार वाजता जोडणीला." हे सगळं खरं होतं. पण पितळ्याच्या मनात या सगळ्याच्या खाली एकच गोष्ट होती, एकोणीस दिवस. ती तो बोलला नाही.

त्याने पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश कागदाने साच्याची कड घासली. पुन्हा अंगठा फिरवला, आता काही लागेना. मग पात्याच्या टोकाने गादीतला काळा डाग खरवडून काढला, कोळशाचा कण राहू दिला नाही. त्या खळग्यावर टेफ्लॉनची पांढरी चिकटपट्टी नखाएवढी कापून लावली. खबरदारी म्हणून एकावर एक अशी दुहेरी लावली. टेफ्लॉनमधून वीज उडी मारत नाही, हे त्याला पोटच्या पोरीइतकं ठाऊक होतं. ठिगळ बसलं.

"माझ्या पायाखाली काही झालं तर तुझं नाव सांगेन," काकू म्हणाल्या आणि पट्टी दाबली.

ठिणगी उडाली नाही. पुढच्या पिशवीलाही नाही. पितळ्याने गार झालेली पिशवी घेतली आणि जिथे ठिगळ होतं, बरोबर तिथेच सांधा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. प्लास्टिक ताणलं, पांढरं पडलं, शेवटी फाटलं. पण सांधा उकलला नाही. आणखी दोन पिशव्या त्याने तशाच फाडल्या, तिथेच. सांधा घट्ट. काकूंनी खांदे उडवले. फाडलेल्या पिशव्यांऐवजी जास्तीचे नग काढून छत्तीस पुरे केले. नेहमीप्रमाणे सगळ्या पिशव्या फुगवून तासभर टांगून ठेवल्या. एकही बसली नाही.

संध्याकाळी सगळे हात धुवायला गेले तेव्हा पितळ्याने गादी गुंडाळली आणि आपल्या हत्यारांच्या कपाटामागे सारून दिली. फेकायला हवी होती. पण चांगल्या गादीचा तुकडा फेकायला त्याचा हात धजत नाही, ही त्याची जुनी खोड. दुसऱ्या दिवशी नव्या गाद्या आल्या आणि खिळा रिकामाच राहिला.

आता घरची गोष्ट. पितळ्याला एकच लेक, तेवीस वर्षांची, शिकलेली आणि तोंडाने फटकळ. तिला त्याच आठवड्यात नोकरी लागली, आणि लागली ती नेमकी गाळ मोजणाऱ्या होडीवर. पाण्यात दोर सोडायचे, खोली मोजायची, आकडे टिपायचे. लेकीच्या आईने ऐकलं आणि जेवणावरचं लक्षच काढून घेतलं. तिला पाण्याची भीती होती. तिचा थोरला भाऊ पाण्यात गेला होता, आणि ती तेव्हा काठावर उभी होती.

"नदीच्या मुखाशी ओढ असते," ती म्हणाली. "तळ्यात पोहणं वेगळं. मी पाठवणार नाही."

पितळ्याने लेकीची बाजू घेतली. दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी तो वैतागला आणि छाती पुढे काढून बोलून गेला, "अगं, त्या होडीवरची जॅकेटं आमच्याकडची आहेत. माझ्या साच्यातली. माझ्या साच्यातलं जॅकेट घालून माणूस बुडायची बिशाद आहे का?"

बायकोने समोरचं ताट जवळ ओढलं. तीस वर्षांत तिने त्याला कामाबद्दल खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. "तुम्ही म्हणता म्हणून," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर."

बोलताना त्याला बुधवार आठवला नव्हता. खरंच नाही. माणूस आपलं एखादं लपवलेलं काम इतकं खोल पुरतो की त्यावरून चालताना पायाला काही जाणवत नाही.

त्या बुधवारनंतरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाची सुटी होऊन पितळ्या घरी आला तेव्हा लेक दारातच उभी होती. अंगात नारिंगी जॅकेट, कमरेवर हात.

"बघा बाबा! तुमच्या कारखान्याचा शिक्का. मुकादमांना विचारून आणलंय आईला दाखवायला. सोमवारी सकाळी परत टांगायचंय."

आई जॅकेटाच्या शिवणीवरून हात फिरवत होती, एखादं नवं लुगडं बघावं तसा. पितळ्या हसला, जवळ गेला आणि आतल्या बाजूचा नंबर वाचला. मग हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवून त्याने तो पुन्हा वाचला. त्या छत्तिसांतला सातवा नग.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने तिला झटकलं. ओढून पाहिलं होतं की आपण! एक नाही, तीन पिशव्या. सांधा उकलला नव्हता. तासभर हवाही धरली होती. तरी चहाचा कप त्याने अर्धा प्यायला आणि उठला. "कारखान्यात हत्यार विसरलंय," म्हणाला.

शनिवारी दुपारी कारखाना म्हणजे भुताचं घर. रखवालदाराने दार उघडलं. प्रेस कापड पांघरून उभी होती, कुठेतरी नळ ठिबकत होता. पितळ्याने कपाटामागून गादी ओढून काढली, उलगडली आणि खिडकीशी नेऊन तिरपी धरली.

गादीवर साच्याचा ठसा उमटतो. पुन्हा पुन्हा पितळ तिच्यावर दाबली जाते, मग ती कडेची रेघ लक्षात ठेवते. उजेडात तिरपी धरली की सगळी पिशवी तिच्यावर काढल्यासारखी दिसते. पितळ्या खालच्या टोकापासून रेघेवरून बोट फिरवत निघाला. कंबर, बाजू, काख. रेघ सगळीकडे सारखी, खोल. मग खांद्याचं वळण आलं. पांढऱ्या ठिगळावर तर रेघ फारच खोल होती, टेफ्लॉन चेपून काचेसारखं झालं होतं. आणि ठिगळाच्या अलीकडे दोन बोटं आणि पलीकडे दोन बोटं रेघ फिकट होत होत जवळजवळ नाहीशी झाली होती.

त्याने त्या फिकट जागेवरून नख ओढून पाहिलं.

विजेचा विचार त्याने केला होता, दाबाचा केला नव्हता. साचा कडक, मेज कडक. मध्ये दुहेरी पट्टीचा इवलासा उंचवटा आला की साचा त्या उंचवट्यावर टेकतो आणि दोन्ही बाजूंना केसभर अधांतरी राहतो. तिथलं प्लास्टिक तापतं, चिकटतं, पण दाबाखाली मिसळत नाही. वरून बघायला जोडलेलं. हवा धरेल, तासभर धरेल, एखादे वेळी महिनाभर धरेल. वाकवलं, मुडपलं, ओढलं की उकलेल. आणि त्याने ओढून पाहिलं होतं कुठे? ठिगळावर. अख्ख्या सांध्यात सगळ्यात घट्ट असलेल्या त्या एका नखाएवढ्या जागेवर. तिन्ही वेळा. अनोळखी माणसाने चूक केली असती तर कुठेही ओढून पाहिलं असतं आणि त्याला कळलं असतं. पितळ्या हुशार होता, त्याला दुखरी जागा ठाऊक होती, म्हणून त्याने नेमकी तीच तपासली.

तो घरी आला. बायको शेजारी गेली होती, लेक डोक्यावरून पांघरूण ओढून झोपली होती. त्याने जॅकेटातली पिशवी काढली, तोंडाने फुगवली, न्हाणीघरात टबात पाणी भरलं आणि ती बुडवली. काही नाही. पिशवी टणक, पाणी शांत. त्याला वाटलं, वाचलो. मग त्याने तिला तसं वाकवलं जसं माणसाच्या खांद्यावर ती वाकते, आणि कोपराने भार दिला, जसा पाण्यात गटांगळी खाणाऱ्या माणसाचा पडेल.

एक बुडबुडा आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग बुडबुड्यांची रांग लागली, बारीक, न तुटणारी, ठिगळाच्या जागेपासून बरोबर दीड बोट अंतरावर.

पितळ्याने काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मला कळतं आणि त्यालाही कळत होतं. बाईंचं घर दहा मिनिटांवर होतं. पण तो टबाच्या काठावर बसून राहिला आणि हिशेब करत राहिला. सहलीच्या होड्यांचा हंगाम पुढच्या महिन्यात, म्हणजे ती चोवीस अजून गठ्ठ्यातच असतील. गाळाच्या होडीवरची बारा. ती रोजच्या सवयीची माणसं, पाण्यात पडतात कुठे? आणि सोमवारी वर्ष पुरं होत होतं. मंगळवारी सांगू. मंगळवारी काहीतरी निमित्त काढून सगळी परत मागवू, कुणाला ताकास तूर लागू न देता. आधी पोरीचं बघू.

पोरीचं त्याने बघितलं. तो तिसऱ्यांदा कारखान्यात गेला. रखवालदार म्हणाला, "मिस्त्री, बायकोने घराबाहेर काढलं का?" पितळ्या त्याच्यापुरतं हसला. नमुन्याच्या फळीवर नव्या गादीवरचं, मागच्या आठवड्यातलं जॅकेट होतं. ते त्याने घेतलं, त्याची पिशवी चारही बाजूंनी वाकवून, पिळून, गुडघ्याखाली दाबून पाहिली. धड होती. ती लेकीच्या जॅकेटात घातली आणि गळकी पिशवी कात्रीने कापून कचऱ्यात टाकली. संध्याकाळी जॅकेट पुन्हा खुर्चीवर होतं तसं टाकलं. कुणाला काही कळलं नाही. रविवारभर तो चांगला जेवला, हे त्याला पुढे फार लागलं.

सोमवारी सकाळी लेक निघाली. बायकोने तिच्या जॅकेटाचे पट्टे स्वतः ओढून बघितले. पितळ्याचा जीव भांड्यात पडला होता. काही झालं तरी ही वाचणार, एवढं त्याने करून ठेवलं होतं. सात वर्षांची असताना रस्ता ओलांडताना धरायचा तसा त्याने तिचा हात धरला आणि सोडला.

कारखान्यात खिळ्यावर कागद लावलेला होता. बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: एक वर्ष. खाली रिकामा खिळा. मेजावर सगळ्यांसाठी चहा आणि बिस्किटं. बाई फारसं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण आज बोलल्या.

"माझ्या वडिलांच्या वेळेलासुद्धा हा खिळा सलग वर्षभर रिकामा नव्हता. हे मिस्त्रींचं आहे."

टाळ्या झाल्या. काकूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या कपात बघत होत्या.

तेवढ्यात पितळ्याचा फोन वाजला. लेक होती. मागे इंजिनाचा घरघराट, वाऱ्याचा आवाज.

"बाबा, आज तुमचा दिवस ना? म्हटलं होडी सुटायच्या आत फोन करावा, पुढे पाण्यावर लागत नाही."

"हो. जॅकेट घातलंस ना?"

"घातलं की. आज वारा आहे, मुकादम घातल्याशिवाय चढूच देत नाहीत."

"तेच ना? घरून नेलेलं?"

"ते टांगलं खुंटीवर. आता कुणी घातलं असेल काय माहीत. मी हाताला लागलं ते घेतलं. इथे कुणाचं काय असं नसतं हो बाबा, बारा खुंट्या, बारा जॅकेटं, जो येईल तो ओढतो. सगळी तुमचीच तर आहेत! चला, दोर सोडतायत."

"अगं, थांब. ऐक. ते काढ, ऐक माझं..."

फोन बंद झाला होता. त्याने पुन्हा लावला. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर, संपर्क क्षेत्राबाहेर.

माणसं चहा पीत होती. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. पितळ्याला दिसत होत्या फक्त बारा खुंट्या, आणि त्यांतलं एकच धड जॅकेट, कुणाच्या तरी अंगात. ते एक धड करायला त्याने दोन दिवस घालवले होते. त्याच दोन दिवसांत बाराही परत आली असती.

तो कपाटापाशी गेला. गादी काढली. तिथल्याच खडूने ठिगळाभोवती गोल केला आणि तारीख घातली, बुधवारची, खरी. आकडा वाकडा आला. मग तो दारापाशी गेला आणि सगळ्यांच्या देखत ती गादी खिळ्यावर टांगली. ती बाईंच्या कागदावर आली आणि अक्षरं तिच्यामागे गेली.

बाई जवळ आल्या. त्यांनी गादी उजेडाकडे तिरपी केली, रेघेवरून बोट नेलं, ठिगळावर थांबवलं. त्या साच्यांच्या घरात वाढलेल्या होत्या, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"किती नग?"

"छत्तीस. चोवीस तळ्यावर, बारा गाळाच्या होडीवर. एक मी बदललं."

"एकच?"

त्याने हातातला खडू मेजावर ठेवला.

"पट्टी मी दाबली होती," काकू मागून म्हणाल्या. "एकदा बोलले आणि मूग गिळून बसले. माझंही लिहा."

"नंतर लिहू," बाई म्हणाल्या आणि फोन उचलला. काठावरच्या कचेरीत कारकून होता. त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. होडी सुटून पाच मिनिटं झाली. नाही, आता फोन लागायचा नाही. हो, आज मुखापाशी, खोल पाण्यात. दुसरी होडी नाही. मोटारसायकलने माणूस पाठवतो, वळणावरच्या टेकडीवरून झेंडा दाखवला तर ते बघतील, पण रस्ता फिरून जातो, दोन तास तरी लागतील. वारा? हो, वाढलाय. काय झालंय बाई, काही काळजीचं?

"जॅकेटांवर भरवसा ठेवू नका म्हणावं," बाई म्हणाल्या. "होडीवरच्या सगळ्यांना कठड्यापासून लांब बसायला सांगा. निघा आता."

मग त्यांनी तळ्यावरच्या होड्यांना फोन लावला. काकू प्रेसवरचं कापड काढायला गेल्या आणि न काढताच तिथे बसल्या. पितळ्याला कुणी काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो खिळ्याखाली उभा राहिला, कारण दुसरीकडे कुठे उभं राहावं ते त्याला सुचेना. दारातून झाडांचे शेंडे दिसत होते, आणि ते सगळे एकाच बाजूला वाकलेले होते.

त्याचा फोन वाजला. त्याने नाव न बघताच कानाला लावला.

"अहो," बायको म्हणाली. "इकडे वारा सुटलाय फार. दोरीवरचे कपडे उडाले. पोरीचा फोन आला होता का?"

"आला होता."

"निघाली का होडी?"

"निघाली."

"तुमचं जॅकेट घातलंय ना तिने?"

पितळ्याने तोंड उघडलं. गादीवरचा खडूचा गोल त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"घातलंय," तो म्हणाला.

"मग मला घोर नाही," बायको म्हणाली आणि कपडे गोळा करायला गेली.